बयराम, तुह्या ‘का’च्या पुढं काय होतं?

बयराम, तुह्यावर दोन शब्द लिहा म्हनून पेपरवाला घरी आला होता. म्या म्हनलं, बापू, मले सही कराले लावली तं पेनालेच घाम फुटते. तो म्हने, मंग फोनमंधी बोला, फोन आपोआप लिहिते. म्हनून ओट्यावर बसून एकलाच फोनसंगं बोलून राह्यलो. येनारे-जानारे पाहून राह्यले. साहेब गेले अन् भोंग्याचं डोकं फिरलं, असं म्हनत असतीन. म्हनू दे. माह्याबद्दल आजपर्यंत कोनी खोटं बोललं नाही. भोंग्या हे नाव तरी कोनाचं? तुहंच ठेवलेलं, लाऊडस्पीकरच्या भोंग्यावरून. शेषराव नावाचा मानूस हाय हे फक्त रेशन कार्डाले माहीत हाय.

पन ह्या फोनचा तमाशा आयक. मी म्हनतो ‘मले’, हा लिहिते ‘मेले’. मले भूक लागली, मेले भूक लागली. मले समजत नाही, मेले समजत नाही. सून जवय बसून सारे ‘मेले’ खोडून ‘मले’ करून राह्यली. मंघाशी म्हने, “मामाजी, ‘डोया’ लिहू का ‘डोळा’?” म्या म्हनलं, माय, डोयाच लिही. ज्याले तो दुसरा येत होता तो गेला.

असा हासत-हासत बसलो खरा, पन माहं काही खरं नाही, बयराम. तुहं तेरावं झालं अन् मले तुहा आवाज याद येऊन नाही राह्यला. ज्यानं साऱ्या जिल्ह्यात तुहा आवाज काढून खाल्लं, त्याले! सकायी बकऱ्या सोडतो, डोये मिटतो, म्हनतो, बोल बे. तं जो बोलते तो मीच असतो. तुही नक्कल करनारा मी. त्याच्या मांगं तू कुठी हाय, सापडतच नाही. एखाद्याच्या हाती घराची चाबी द्यावी, त्यानं तिच्यावरून दुसरी बनवावी अन् खरी हरपून टाकावी, तसं करून बसलो.

शायेपासून सांगतो, कारन माहं नुकसान तिथूनच सुरू झालं. मास्तर फयावर केयं काढे अन् म्हने, “म्हणा, केळं.” मी म्हनो, केयं. “ळ!” “य!” छडी. आपल्या गावात तो ळ होताच कुठी? काया बैल, डोया, सकाय, साऱ्या गावाचं य वर भागे. तूही केयंच म्हनला, तुह्याही हातावर बसली. पन तू घरी जाऊन गोठ्यात जीभ उलटी करू करू बसला, ळ ळ ळ. बैल कडबा सोडून तुह्या तोंडाकडं पाहे. एक दिवस तुले ळ आला. मले नाही आला. मले, तू ळ कसा म्हनतो, त्याची नक्कल आली. तीच मास्तरले करून दाखवली. सारा वर्ग हासला, मास्तर सोडून. तू वरच्या वर्गात गेला, मी बकऱ्यामांगं. अजूनही तसंच हाय. तुह्या दिल्लीवाल्या आवाजात बोललो तं मले ळ येते, माह्या आवाजात येत नाही. डॉक्टरले दाखवाचं राहूनच गेलं.

तुही माय तुले बयराम म्हने. मुंबईच्या इधानसभेत गेला तं बळीराम झाला. दिल्लीवाल्यायचाही जिभीचा घोटाया, त्यायनं बलिरामजी केलं. मधातलं एक अक्षर बदलत गेलं अन् तू मोठा होत गेला. मी म्हनो, अजून एखांदं अक्षर बदललं तं हा परधानमंत्री होते. तू म्हने, “चूप बस बे, कोनी आयकन.” पन तुले आवडे. गालात हासे तू.

तुही पह्यली निवडनूक याद हाय न? पंचायत समितीची. उंद्रीच्या बाजारात सभा. तू सायकल हानत आला, नरडं कोरडं, अन् च्या आनाले मले पाठोलं होतं. मी कुठी? तं पारावर पत्ते खेयाले बसलो. एक डाव म्हनून बसलो, चांगले पत्ते पडले. तू माईकपाशी गेला. माईक चालू हाय हे तुले माहीत नाही. तू चिडून बोलला, “काऊन बे, च्या कुठी हाय?” साऱ्या बाजारात घुमलं ते. मी पारावरून पत्ते टाकून पयालो. भाजीवाल्या बाया पदर तोंडाले लावून हासल्या. त्याच्यानंतर तू लय चांगलं भाषन केलं म्हनतेत. त्यातलं कोनाले एक वाक्य ध्यानात नाही राह्यलं. ‘काऊन बे’ राह्यलं. हा मानूस आपल्यातला हाय म्हनले लोक अन् तू निवडून आला. मी आजवर छाती फुगवून सांगत आलो का बयराम माह्या च्यानं निवडून आला. च्यानं नाही, च्या न आनल्यानं.

मंग तू जितका मोठा होत गेला, तितका लेट होत गेला. आमदार झाला तं दुपारची सभा दुपार ढयल्यावर. खासदार झाला तं दिवेलागनीले. मंत्री झाला तेव्हा तं लोक शिदोरी बांधून येत. अन् तू येईपर्यंत लोक धरून ठेवाचं काम माहं. स्टेजवर चढाचं, टोपी वाकडी कराची, गया खाकराचा, ‘काऊन बे’ म्हनाचं, का बाकीचं लोकच म्हनत. मंत्री घरी कसा बोलते ते करून दाखवो मी. साऱ्या देशाच्या पुढाऱ्यायचे नाव घडाघडा घेनारा मानूस बायकोले हाक मारताना कसा दारातूनच म्हनते, “आयकलं का?” बाया हासून हासून आडव्या. तू खरंच तसाच होता. वहिनीचं नाव तुह्या तोंडून कधी कोनी आयकलं नाही. आपल्याकडं घेतच नाहीत, मीही नाही घेत. माह्या घरचीचं नाव विचारलं तं मी अजून पोराले पुढं करतो.

बीबी गावच्या सभेत काय झालं ते तू कोनाले सांगू देल्लं नाही. आतानी सांगतो, आतानी तू कोनाले अडोतं. बाजाराचा दिवस होता, लोक मावून नाही राह्यले. मी तुह्या आवाजात लय टाइम बोलत होतो. पुढच्या रांगेत एक म्हातारबुवा, त्याले दिसत कमी. तेवढ्यात तू आला, हार पडले, तू सुरू केलं, “बंधू-भगिनींनो, मला आज अतिशय आनंद होतो...” म्हातारा उठला अन् काठी आपटून म्हने, “हा कोन बाहेरचा आनला बाप्पा? आपल्या साहेबाले बोलू द्या न!” बोट माह्याकडं. सारं मैदान हासलं. तूही हासला. पन गाडीत बसल्यावर चिखली येईपर्यंत तू काचेबाहेरच पाहत बसला. मी म्हनलं, गेली आपली नोकरी. अन् मंग तू हयूच बोलला, “शेष्या, मी कसा बोलत होतो बे पह्यले?”

म्या काही मस्करी केली नाही तेव्हा. जिंदगीत तेवढाच एक डाव.

त्याच्यानंतर हरेक निवडनुकीच्या आंधी तुहा फोन ये. “ये रे, जिभीले धार लावून दे.” बंगल्याच्या मांगच्या खोलीत तू खुर्चीवर, मी खाली. मी म्हनो, ‘डोया’. तू म्हने, ‘डोळा’. “अबे डोया!” “डोला.” “हे तं दिल्लीचं झालं, अजून खाली ये.” एक डाव तं मी तुह्या हातावर खरोखर चापट मारली, मास्तरसारखी. दाराबाहेर बंदूकवाला उभा अन् आत भोंग्या मंत्र्याले मारून राह्यला. तू हात चोयत म्हने, “लागलं न बे.” म्या म्हनलं, मलेही लागलं होतं. मंग दोघंही हासलो, अन् तू एकदम म्हनला, “डोया.” असा बरोबर म्हनला का तुही माय चुलीपासून उठून येईन असं वाटलं.

तो ‘डोया’ मले पाह्यजे, बयराम. तोच याद येऊन नाही राह्यला.

आपलं एक भांडन बाकी हाय. रेल्वेचं. बुलडान्याले रेल्वे नाही अन् हरेक सभेत तू म्हने, रेल्वे आनीन. तू येन्याच्या आंधी मी स्टेजवर रेल्वे करून दाखवो, कमरेवर हात, कूऽऽक झुकझुक, अन् घाटात बंद पडलेली रेल्वे, अन् तिले धक्का मारनारे आपन. लोकायच्या डोयातून पानी ये. मंत्रिपद गेल्यावर, निसती खासदारकी उरली तेव्हा, आपन तुह्या ओट्यावर बसलो होतो. तू शेंगा सोलता सोलता म्हनला, “शेष्या, तुह्या शिट्टीनं माही रेल्वे गेली.”

“काऊन?”

“लोक हासले, मोकये झाले, घरी गेले. कोनी माही कॉलर नाही पकडली. एखाद्यानं पकडली असती तं मी दिल्लीत कोनाची तरी पकडली असती.”

मले झोंबलं. म्या म्हनलं, “तू टाइमावर आला असता तं मले शिट्टी मारा लागली नसती.”

“तू लोकायले धरून ठेवलं नसतं तं मी टाइमावर आलो असतो.”

वहिनी च्या घेऊन आल्या अन् म्हनल्या, “दोघंही चूप बसा, पोरं आयकून राह्यले.” ते तिथंच राह्यलं. मी घरी येऊन लय इचार केला, मले जेवढा येते तेवढा. तुहंच बरोबर होतं, बयराम. माहंही बरोबर होतं. दोन बरोबर मानसायनं मियून लोकायची सारी उमर सभेत बसवून काढली. हे तुले सांगाचं होतं. पुढच्या निवडनुकीले जिभीले धार लावाले बोलावशील तेव्हा सांगू, म्हनलं.

तुले लकवा आला. पायाले कमी, जिभीले जास्त. वहिनीचा फोन आला, “भावजी, या. हे बोलत नाहीत. तुमी शिकोलं तं बोलतीन.” बुलडान्याच्या दवाखान्यात मी रोज येस्टीनं येऊ लागलो. तिथं बोलनं शिकवनारी एक म्याडम होती, लेकीसारखी. तिनं पह्यल्याच दिवशी मले बजावलं, “काका, ते जो शब्द सुरू करतील तो त्यांचा त्यांना पूर्ण करू द्या. कितीही वेळ लागू द्या. आपण मध्ये बोलायचं नाही.” म्या हाव म्हनलं. हाव म्हनाले काय जाते.

मी तुह्या कानापाशी तुह्याच जुन्या आवाजात बोलो. पानी. भाकर. डोया. तू आयके, ओठ हालवे, निसती हवा निंघे. तुह्या खाटेपाशी तुहा आवाज माह्या तोंडात अन् तू मुका. मले वाटे, उठावं अन् तोंड फाडून तुहं तुले देऊन टाकावं.

त्या दुपारी वहिनी खिडकीपाशी संत्रं सोलून राह्यल्या होत्या. तुहा पोरगा दिल्लीवरून आलेला, फोन पाहत उभा. मी तुह्या उशापाशी. तू खिडकीकडं पाहत होता. तुहे ओठ आवयले, गयाची शीर टचकन वर आली अन् आवाज निंघाला. “का...” साफ! म्याडम खुर्चीवरून उठली. तू पुन्हा जोर लावला, घाम आला तुह्या कपायाले. “का...”

अन् मले दम नाही निंघाला, बयराम. सारी जिंदगी ‘का’ आयकला का माह्या तोंडून पुढचं सांडतेच. “काऊन बे, च्या कुठी हाय!”

सारे हासले. पोरगा हासला, म्याडमही हासली. वहिनी दोन्ही हातानं तोंड झाकून हासल्या, तुले दवाखान्यात आनल्यापासून पह्यल्यांदा. तूही हासला, अर्ध्या तोंडानं. मंग तुहा चालता हात गादीवर हालला. इकून तिकडं, इकून तिकडं. म्या म्हनलं, “पाहा, साहेब टाया वाजवून राह्यले!” अजून हासले. तुह्या डोयात पानी आलं. म्या म्हनलं, हासून आलं.

संध्याकायी गावात साऱ्यायले सांगत फिरलो का साहेब बोलले. सकायी तू गेल्याचा फोन आला.

काय म्हनाचं होतं बे तुले? मी येड्यासारखा तेच करून राह्यलो. ‘काऊन’ होतं का? तं मंग तो आपला बयराम होता, अर्ध्यात अडकलेला. का निसतं ‘का’ होतं? मुंबई-पुन्याचे लोक म्हनतेत तसं, ‘का?’ तं मंग तो मुंबईचा बळीराम होता अन् त्याचा शब्द पुरा झाला होता, उत्तर देनं बाकी होतं. म्हनजे खाटेवर मराले कोन टेकला होता हेही मले माहीत नाही. तुह्या जवयचा मानूस म्हनून पेपरवाला माह्याकडं आला. घे, हा जवयचा मानूस.

मांगच्या रविवारी उंद्रीले तुही शोकसभा झाली. त्याच बाजारात. अन् दिल्लीचे पाहुने लेट! तुह्या शोकसभेतही मलेच लोक धराले लावलं, बयराम. तुहा पोरगा माह्या खांद्यावर हात ठेवून म्हने, “अंकल, पाहुणे येईपर्यंत पापांच्या आवाजात थोडं बोला. गाववाल्या आवाजात. आमच्याकडे सगळे व्हिडिओ दिल्लीचे आहेत, त्यात पापा ‘डोळा’ म्हणतात. तो जुना आवाज फक्त तुमच्याकडे आहे. लोक रडतील. आणि पोटनिवडणुकीत तर तुम्ही गावोगाव माझ्यासोबत पाहिजेच.” पोरगा वाईट नाही. त्याले बापाची सीट पाह्यजे, अन् मले त्याचा बाप पाह्यजे. दोघायचाही धंदा बंद.

मी चढलो. हाताले सवय, टोपी वाकडी झाली. गया खाकरला. समोर मैदान भरून लोक, तुह्या फोटोले हार. मी म्हनलं, आतानी तरी तुहा शब्द तुह्यापाशी नेतो. तू जसा म्हनला होता तसाच, जोर लावून, गयाची शीर तानून.

“का...”

अन् थांबलो. बस एवढंच म्हनाचं होतं मले. एवढाच तू शिल्लक हाय.

सारं मैदान एका तोंडानं बोललं, “काऊन बे, च्या कुठी हाय!” हासले. टाया पडल्या. म्या हात हालवला, नाही, नाही, थांबा. इकून तिकडं, इकून तिकडं. लोक अजून हासले. त्यायले वाटलं हाही आयटमच. माह्या डोयात पानी आलं, तं पुढच्या रांगेतली बाई शेजारनीले म्हने, “पाह्य वं, भोंग्या हासू हासू रडून राह्यला.”

तेव्हा समजलं मले, बयराम, खाटेवरून कसं दिसत होतं ते.

खाली उतरलो तं पोरगा म्हने, “अंकल, सुपर! इलेक्शनला हेच ठेवायचं.” म्या म्हनलं, “बापू, तुह्या बापाचा आवाज ‘का’पाशी सरला. त्याच्यापुढचा सारा माहा हाय, अन् तो तुह्या कामाचा नाही.” त्याले समजलं नाही. टोपी त्याच्या हाती देल्ली अन् निंघालो.

मंडपाच्या मांगं वहिनी गाडीत बसल्या होत्या, काच खाली. मी हात जोडले. त्यायनं मले थांबोलं. मंग रस्त्याकडं पाहत म्हनल्या, “भावजी, माहं नाव कांता हाय. तुमाले माहीत हाय न?”

काच वर गेली.

तेव्हापासून मले अन्न जाऊन नाही राह्यलं. तू खिडकीकडं पाहत होता, बयराम. संत्रं सोलनाऱ्या हाताकडं. असन. नसनही. पन असलं तं? सारी उमर ‘आयकलं का’ म्हनलेला मानूस मरताना एक डाव नाव घ्याले निंघाला अन् त्याच्या तोंडात मी च्या घातला! त्या पह्यल्या दिवशी पाह्यजे होता तेव्हा नाही आनला. अन् ज्या दिवशी कोनी मांगतला नव्हता...

आतानी हे बोलता बोलता म्या फोनमंधी निसतं ‘का’ म्हनलं अन् थांबलो. पाहू म्हनलं. तं ह्या फोननंही आपल्या मनानं पुढं लिहून टाकलं, ‘काही नाही’. त्यालेही दम नाही. माह्यावरच गेला.

सून म्हने, “मामाजी, हे ‘काही नाही’ राहू देऊ?”

म्या म्हनलं, नको माय, खोड. काहीतरी होतं. ‘का’ तेवढा ठेव अन् पुढं एका शब्दाची जागा सोड. वहिनी पेपर वाचतेत.

पेपरवाल्यानं दोन शब्द मांगतले होते. माह्यापाशी अर्धाच हाय, तोही तुहा. घे, बयराम. बोल. लागू दे टाइम. मी मधात बोलत नाही.

का